रोप उगवलंच नाही, की उगवून मान टाकली? बियांपासून झाडं वाढवताना दोष ओळखण्याची रीत

बियांपासून झाड वाढवायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांत कुठे ना कुठे अडतंच. बिया उगवत नाहीत, उगवलेली रोपं एका रात्रीत आडवी होतात, पानं पिवळी पडतात, नाहीतर रोप जिवंत असतं पण जागचं हलत नाही. अशा वेळी नवखा माणूस बहुतेकदा झारी उचलतो. पाण्याने भागलं नाही तर खत, खताने भागलं नाही तर हाताशी असेल ते औषध. यातलं पाणीच पुष्कळदा दुखण्याचं मूळ असतं. म्हणून या लेखात उपायांपेक्षा ओळखण्यावर भर दिला आहे. कारण नेमकं सापडलं की उपाय बहुधा साधा निघतो, आणि काही वेळा तर काहीच करायचं नसतं.

आधी चार प्रश्न

रोपाला हात लावण्याआधी या चार गोष्टी स्वतःला विचारा.

पहिली: गाडी नेमकी कुठे अडली? बी मातीत असतानाच, कोंब मातीतून वर येताना, पहिली दोन दलं (बीतच असलेली, अन्न साठवणारी जाड पानं) उघडल्यावर, की खरी पानं फुटल्यावर? प्रत्येक टप्प्याचे शत्रू वेगळे आहेत. मातीत अडलेल्या बीला खत देऊन उपयोग नाही, कारण तेव्हा ते स्वतःच्या शिदोरीवर जगत असतं.

दुसरी: नुकसान कसं पसरलं आहे? सगळी रोपं एकाच वेळी, एकसारखी बिघडली असतील तर संशय ऊन, थंडी, पाणी, खत किंवा माती यांवर घ्यावा. एका ठिकाणी सुरू होऊन गोलाकार पसरत असेल तर तो बहुधा रोग असतो. विखुरलेली, मधली एखादीच रोपं मागे पडली असतील तर दोष बहुधा बियांतच असतो. फक्त कडेच्या पिशव्या मरत असतील तर त्या लवकर सुकतात, वारा खातात किंवा कडेने काहीतरी येऊन त्या कुरतडतं.

तिसरी: किती वेगाने घडलं? रात्रीत झालेलं नुकसान किडीचं, प्राण्याचं, कडक उन्हाचं किंवा मर रोगाचं (बुंधा कुजून रोपं आडवी पडण्याच्या रोगाचं) असतं. अन्नद्रव्याची कमतरता कधीच रात्रीत दिसत नाही, तिला आठवडे लागतात.

चौथी: गेल्या आठ-दहा दिवसांत काय बदललं? जागा हलवली, नवं खत दिलं, पाण्याचा स्रोत बदलला, शेजारी तणनाशक फवारलं, यातलं काही?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून देता येत नाही. म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये किंवा वाफ्यात एक पट्टी रोवा आणि तिच्यावर झाडाचं नाव, बी कधी गोळा केलं, पेरण्याआधी त्यावर काय प्रक्रिया केली आणि पेरणीची तारीख पेन्सिलने लिहा. पेनाची शाई उन्हापाण्याने उडते, पेन्सिल टिकते. ही पट्टी नसेल तर पुढचं अर्धं निदान अंदाजावर चालतं.

बी उगवलंच नाही

इथे एकच काम करायचं: उकरून बघायचं. बी हलवलं तर बिघडेल म्हणून लोक महिनोन् महिने वाट बघत बसतात. दहा-वीस बियांतल्या दोन-तीन उकरल्या तर फारसं बिघडत नाही, आणि त्या दोन-तीन बिया सगळं सांगून जातात.

उकरण्याआधी मात्र मुदत संपली आहे का, हे पाहा. ताजी निंबोळी साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवते. सागाची उगवण मात्र रेंगाळत चालते. काही बिया दोन आठवड्यांत येतात, तर त्याच वाफ्यातल्या काही दोन-तीन महिन्यांनी. चंदनालाही महिना ते तीन महिने लागू शकतात. त्यामुळे पंधरा दिवसांत वाफा मोडून टाकण्याची घाई नको.

उकरल्यावर पाचपैकी एक गोष्ट दिसेल.

*बी जसंच्या तसं, कडक आणि चकचकीत आहे.* म्हणजे त्यात पाणी शिरलेलंच नाही. बहावा, शिरीष, बाभूळ, चिंच अशा शेंगावर्गीय झाडांत हे फार दिसतं. त्यांचं टरफल पाणी आत येऊ देत नाही, आणि निसर्गात ते झिजायला बराच काळ जातो. अशा बियांसाठी दोन मार्ग आहेत. एक, पाणी उकळून आचेवरून उतरवायचं, बियांच्या पाच ते दहा पट घ्यायचं, त्यात बिया टाकायच्या आणि ते आपोआप निवू देत २४ तास ठेवायचं. बिया आचेवर पाण्यात शिजवायच्या नाहीत. दुसरा मार्ग, बी खरखरीत पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायचं किंवा नेलकटरने टरफलाला बारीकशी चीर द्यायची, आणि मग रात्रभर भिजवायचं. चीर देताना बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ती बाजू टाळा, कारण अंकुर सहसा त्याच टोकाला असतो. बहाव्यासाठी घासण्याचा मार्गच मला जास्त भरवशाचा वाटतो.

भिजवल्यावर बिया नीट निरखा. पाणी प्यायलेलं बी फुगून जवळपास दुप्पट होतं. फुगलेल्या बिया लगेच पेरा आणि न फुगलेल्या पुन्हा घासा. एवढ्या एका निवडीने वाफ्यातली उगवण एकसारखी येते. हीच प्रक्रिया पातळ सालीच्या बियांवर केली तर त्या मरतात, हेही ध्यानात असू द्या. निंबोळी किंवा जांभळाच्या बीला गरम पाणी कधीच नको.

सागाचं प्रकरण आणखी वेगळं. त्याचं फळच लाकडासारखं टणक असतं. रात्री भिजवायचं आणि दिवसा उन्हात वाळवायचं, हा क्रम साधारण दोन आठवडे चालवला की ते सैल होतं.

*बी फुगलं आहे, आतून पांढरं व घट्ट आहे, पण मोड नाही.* हे बी जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतं आहे. बहुतेक वेळा ती उबेची असते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांच्या बियांना माती २५ ते ३० अंश सेल्सियस लागते, आणि १५ च्या खाली त्या जवळपास थांबतात. थंड प्रदेशातल्या झाडांचं उलट आहे. मेपल, सफरचंद आणि ओकच्या काही जाती यांच्या बिया ओलसर स्थितीत गारठ्यातून गेल्याशिवाय उगवायला तयारच होत नाहीत. त्यांना ओलसर वाळूत किंवा शेवाळात मिसळून १ ते ५ अंशांवर एक ते तीन महिने ठेवावं लागतं. फ्रिजचा खालचा कप्पा चालतो, बर्फाचा कप्पा चालत नाही. कोरडं बी गार केल्याने काही साधत नाही, त्यात ओल असायला हवी.

कधी कधी ही अडवणूक फळाच्या गरामुळेही होते. अनेक फळांच्या गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, शिवाय गरावर बुरशी धरते. म्हणून कडुनिंब, जांभूळ, चंदन यांची फळं चोळून, बी स्वच्छ धुऊनच पेरावं.

*बी मऊ, तपकिरी आणि दुर्गंधी आहे.* ते कुजलं. पण पाणी जास्त झाल्याने कुजलं, की आधीच मेलेलं होतं म्हणून कुजलं? हे ओळखायला पेरणीतून उरलेल्या बिया घ्या आणि धारदार सुरीने उभ्या कापा. आतला भाग भरलेला, घट्ट, पांढरा किंवा त्या जातीच्या नेहमीच्या रंगाचा असेल तर बियाणं चांगलं होतं आणि दोष वाफ्यातल्या पाण्याचा आहे. आत पोकळ, सुरकुतलेलं, काळपट किंवा तेलकट वास मारणारं असेल तर पेरण्याआधीच ते संपलेलं होतं.

इथे बियांच्या स्वभावातला एक मोठा फरक कळायला हवा. बाभूळ, चिंच, बहावा यांच्या बिया सुकवून ठेवल्या तर वर्षानुवर्षं जगतात. जांभूळ, आंबा, फणस, मोह यांच्या बिया सुकल्या की मरतात. त्यांना वाळवून डब्यात जपून ठेवणं म्हणजे त्यांना मारणं. सालवृक्षाचं बी साध्या स्थितीत जेमतेम आठवडाभर जगतं. निंबोळीची उगवणशक्तीही दोन-तीन आठवड्यांनंतर झपाट्याने घसरते. 'मागच्या हंगामातल्या जांभळाच्या बिया पेरल्या, एकही उगवली नाही,' या तक्रारीचं उत्तर मातीत शोधण्यात अर्थ नाही.

बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकून देण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. ती सरसकट वापरू नका. काही जातींच्या चांगल्या बियाही तरंगतात. आधी तरंगणाऱ्या चार-पाच बिया कापा, आतून पोकळ निघाल्या तरच ही चाळणी त्या जातीला लावा.

*बीला बारीक गोल भोक आहे.* आतला गर किडीने खाल्ला आहे. चिंच, शिरीष, बाभूळ यांच्या शेंगांत लहान भुंगे अंडी घालतात आणि किडा आत वाढून भोक पाडून बाहेर पडतो. असं बी पेरणीआधीच वेगळं काढायचं.

*बी जागेवर नाहीच.* उंदीर, खार, मुंग्या किंवा पक्षी. टरफलाचे तुकडे सापडले तर कुरतडणारा प्राणी समजा. वाफ्यावर बारीक जाळी घाला आणि तिच्या कडा मातीत दाबा.

या पाचांत न बसणारं एक कारण म्हणजे खोली. साधा नियम असा, की बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. पण वड, पिंपळ, उंबर, कदंब, निलगिरी यांच्या बिया धुळीसारख्या बारीक असतात. त्यांच्यावर माती घातली की संपलं. त्या भिजवलेल्या मातीच्या पृष्ठभागावर भुरभुरायच्या, हलके दाबायच्या आणि झारीऐवजी ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्यायची.

उगवताना दिसणारी विचित्र रूपं

यातल्या बऱ्याच गोष्टींना घाबरायचं कारण नाही.

कोंबाच्या डोक्यावर टरफल टोपीसारखं अडकलं असेल तर बी फार वर पेरलं गेलं आहे किंवा हवा कोरडी आहे. ओढून काढू नका, दलं तुटतात. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा, टरफल मऊ होऊन बहुधा स्वतःच गळतं.

आंबा आणि जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येऊ शकतात. तो दोष नाही, त्यांच्या बीत एकापेक्षा जास्त अंकुर असतात. सशक्त कोंब ठेवा. कडुनिंब, चिंच, बहावा यांची दलं मातीच्या वर येतात, तर आंबा, जांभूळ, फणस यांची खालीच राहतात. त्यामुळे 'याला दलं दिसलीच नाहीत' ही चिंता करू नका. पहिली पानं मोठ्या झाडाच्या पानांसारखी नसणं हेही नेहमीचंच.

पूर्ण पांढरं रोप मात्र जगत नाही. त्यात हरितद्रव्यच नसतं, बीतली शिदोरी संपली की ते मरतं. खत घालून ते हिरवं होणार नाही.

लांब, बारीक, फिकट आणि एका बाजूला झुकलेलं रोप उजेडासाठी तडफडतं आहे. त्याला टप्प्याटप्प्याने उजेडात आणा. ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, पण पुढची वाढ सुधारते.

रोपं आडवी पडू लागली

नव्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि इथेच चुकीचं निदानही सर्वाधिक होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा. आडवं पडलेलं रोप तीन अगदी वेगळ्या कारणांनी पडलेलं असू शकतं. ते उचला आणि मातीला टेकणारा बुंधा निरखून पाहा. भिंग असेल तर उत्तम.

बुंधा पाणचट, तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक झालेला आहे, वरची पानं अजून हिरवी आहेत आणि शेजारची रोपंही एकेक करत तशीच पडत आहेत, तर ही रोपांची मर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम, फायटोप्थोरा अशा मातीतल्या सूक्ष्मजीवांचं हे काम. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणून साचलेल्या पाण्यात मर झपाट्याने फैलावते. हाच रोग कोंब मातीबाहेर येण्याआधीही मारतो, आणि तेव्हा आपण 'बियाणं खराब होतं' म्हणून मोकळे होतो. म्हणूनच वर उकरायला सांगितलं. मोड फुटून मग कुजलेला दिसला तर दोष बियांचा नाही.

मर दिसली की त्याच दिवशी पाणी थांबवा. पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीची दोन-तीन बोटं माती उचलून दूर टाका, वाफ्याशेजारच्या कंपोस्टात नको. दाट रोपं विरळ करा, वारा खेळू द्या. पृष्ठभागावर कोरड्या स्वच्छ वाळूचा पातळ थर द्या, म्हणजे बुंध्याजवळची ओल घटते. उरलेल्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाचं द्रावण, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच, बुंध्याशी घालता येतं. ते फक्त उभ्या रोपांचं रक्षण करतं, पडलेलं रोप त्याने उठत नाही.

पुढच्या पेरणीला मर टाळणं हे औषधापेक्षा खूप स्वस्त आणि सोपं आहे. अर्धवट कुजलेलं शेणखत वापरू नका. जुन्या पिशव्या-ट्रे घासून धुवा. कोवळ्या रोपांना नत्र (नायट्रोजन) देण्याची घाई करू नका, कारण जादा नत्राने खोड लुसलुशीत राहतं आणि रोग लवकर शिरतो. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पृष्ठभाग सुकतो. वाफ्याची माती आधीच निर्मळ करायची असेल तर ती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा, कडा मातीने बुजवा आणि कडक उन्हाच्या दिवसांत चार ते सहा आठवडे ठेवा. काळं प्लास्टिक या कामाला तितकं चांगलं नाही, पारदर्शकच हवं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर ते पेरणीआधी मातीत मिसळा. रोग आल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि तांब्याच्या औषधासोबत ते एकत्र घालू नये.

आता दुसरं कारण. बुंधा एकाच बाजूने, तोही उन्हाकडच्या बाजूने, पांढरट होऊन खचलेला आहे, पाणचटपणा नाही आणि माती वरून कोरडी आहे. हा उष्णतेचा चटका. काळपट, कोरड्या मातीचा पृष्ठभाग भर उन्हात ५० अंशांच्या वर जातो आणि कोवळ्या बुंध्याची साल तिथे अक्षरशः भाजते. इथे पाणी बंद केलं तर उरलेली रोपंही जातात. दुपारी सावलीची जाळी हवी, पृष्ठभागावर फिकट रंगाच्या वाळूचा थर हवा आणि गरजेनुसार उन्हं चढण्याआधी हलका शिडकावा हवा. मर आणि चटका यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून बुंधा न पाहता निर्णय घेऊ नका.

तिसरं, बुंधा कापल्यासारखा तुटलेला आहे. ही कुरतडणारी अळी. ती दिवसा मातीत दडते, रात्री बाहेर येते. तुटलेल्या रोपाभोवतीची दोन ते पाच सेंटीमीटर माती बोटांनी उकरली की मातकट रंगाची, हात लावताच वेटोळं करणारी अळी बहुधा तिथेच सापडते. रोपं थोडी असतील तर बॅटरी घेऊन रात्री वेचणं पुरेसं होतं. गोगलगायीने खाल्लं असेल तर चकाकणारा वाळलेला माग दिसतो.

रोप उभं आहे, पण कोमेजलं आहे

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, प्रश्न मिटला. ओलं लागलं आणि तरीही रोप कोमेजलेलं आहे, तर मुळं काम करत नाहीत, आणि आता पाणी दिलं तर आहे तेही जाईल.

एक रोप मातीसकट सोडवून मुळं पाहा. निरोगी मुळाचं टोक पांढरं किंवा फिकट पिवळसर असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आत दोरा उरतो. अशा पिशव्यांची खालची भोकं तपासा, ती बहुधा बुजलेली असतात. मिश्रणात चिकणमाती जास्त असेल तर वाळू वाढवून रोपं बदला. भरलेल्या पिशवीवर पाणी ओतल्यावर ते मिनिटभरात जिरून खालून ठिबकायला हवं. तळं साचत असेल तर ते मिश्रण झाडाच्या रोपांना योग्य नाही. मातीवर हिरवं शेवाळ धरलं असेल किंवा बारीक काळ्या माश्या उडत असतील तर पाणी जास्त होतं आहे, हे मुळं न पाहताही कळतं.

रोप चांगलं हिरवं होतं, अचानक मान टाकली आणि हलकेच ओढताच हातात आलं, तर खाली मुळं खाल्लेली असतील. पांढरट, अर्धवर्तुळात वळलेली जाड अळी सापडली तर ती हुमणी. कच्च्या शेणखतातून ती हमखास येते.

उलट प्रकार कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घडतो. एकदा पूर्ण सुकलं की कोकोपीट वरून दिलेलं पाणी घेत नाही. पाणी कडेने वाहून जातं, खालून ठिबकतंही आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. पिशवी उचलून वजन बघा. हलकी लागली तर अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. दुपारी मान टाकणारं पण संध्याकाळी सावरणारं रोप मात्र आजारी नाही. त्याला थोडी सावली दिली की झालं.

रोजच्या पाण्यासाठी माझा एकच निकष आहे: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचलं तर फुटावा, आणि हाताला चिखल लागू नये.

पानांचा रंग

रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी त्या जातीची कोवळी पालवी कशी असते ते पाहून घ्या. आंबा, जांभूळ, मोह यांची नवी पानं तांबूस किंवा जांभळट असतात आणि वाढता वाढता हिरवी होतात. त्यांना स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता समजून खत घालणारे पुष्कळ आहेत. खालची जाड दलं पिवळी पडून गळणंही नैसर्गिक आहे, त्यांतलं अन्न संपलेलं असतं.

याखेरीजचा पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. नत्र झाडाच्या आत हलतं. कमी पडलं की रोप जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह असं हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या नव्या पानांत दिसते: पान पिवळं, शिरा हिरव्या. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमचा विचार करा.

लोहाची कमतरता दिसली तरी मातीत लोह नसतंच असं नाही. माती चुनखडीची असेल, पाणी जड असेल किंवा मुळं पाण्यात बुडालेली असतील तर असलेलं लोहही रोपाला घेता येत नाही. आधी निचरा सुधारा, मग फवारणीचा विचार करा.

पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या आणि मातीवर पांढरा थर असेल तर क्षार साचले आहेत. खत जास्त झालं किंवा न धुतलेलं कोकोपीट वापरलं. साध्या पाण्याने पिशवी दोन-तीनदा भरपूर धुऊन काढा आणि महिनाभर खत बंद ठेवा. सावलीतून थेट उन्हात नेलेल्या रोपांच्या वरच्या पानांवर पांढरट, कागदी डाग पडतात. ती पानं भरून येत नाहीत, नवी येतात. पानं पेल्यासारखी वळलेली, पिळवटलेली, शिरा समांतर झालेल्या असतील तर तणनाशकाच्या अंशाचा संशय घ्या. तो वाऱ्याने येतो, तसा फवारलेल्या गवतापासून बनलेल्या खतातूनही येतो.

किडींबद्दल थोडक्यात: पानाच्या खालची बाजू पाहिल्याशिवाय निदान करू नका. वरून सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं म्हणजे लाल कोळी, कोरड्या हवेत वाढतो. चिकट पानं आणि मुंग्यांची ये-जा म्हणजे मावा किंवा पिठ्या ढेकूण. पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी, ती दिसते भयंकर पण रोप सहसा मारत नाही. पहिल्या दोघांवर पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानाखालून, बहुतेक वेळा पुरतो.

पिवळं नाही, कीड नाही, पण वाढही नाही

इथे मातीखाली बघावं लागतं, आणि खतापलीकडचा विचार करावा लागतो.

चंदनाचं रोप सुरुवातीला छान वाढतं, मग पिवळट होऊन थांबतं. हे अर्धपरजीवी झाड आहे. बीतला साठा संपल्यावर त्याला दुसऱ्या झाडाच्या मुळांना आपली शोषक मुळं जोडून अन्नपाणी घ्यावं लागतं. पिशवीतच शेजारी तुरीसारखं सोबती रोप लावलं की ते सावरतं. ते चंदनावर सावली करू लागलं की छाटत राहायचं.

पाइनच्या मुळांना ठरावीक बुरशीची सोबत लागते. जिथे पूर्वी पाइन नव्हते अशा ठिकाणी नेलेली रोपं या बुरशीअभावी खुरटलेली राहिली आणि जुन्या पाइनखालची मूठभर माती मिसळल्यावर वाढली, असा अनुभव अनेक देशांत आला आहे.

शिरीष, बाभूळ, करंज यांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. एक गाठ फोडून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठीच नसतील तर त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची थोडी माती मिसळा. पण सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या) गाठींशी गल्लत करू नका. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने सुटते. सूत्रकृमींमुळे मूळच सुजतं, ती सूज काढता येत नाही. अशी माती पुन्हा वापरू नये.

यातलं काहीच नसेल तर पिशवी लहान पडली असेल. झाडांचं सोटमूळ पिशवीच्या तळाला लवकर पोचतं आणि मग गोल फिरू लागतं.

उपाय करताना

एका वेळी एकच बदल करा आणि तोही सगळ्या रोपांवर नको. चार-पाच रोपं जशी आहेत तशी बाजूला ठेवा. दहा दिवसांनी दोन्ही गट शेजारी ठेवून बघितले की उपायाने फरक पडला की रोपं आपोआप सुधारली, हे डोळ्यांना दिसतं. पाणी, खत, जागा आणि औषध एकाच दिवशी बदललं तर रोपं वाचली तरी पुढच्या वेळी काय करायचं हे कळत नाही.

काही रोपं मात्र वाचवू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. मर होऊन जगलेलं पण बुंधा आवळलेलं रोप पुढे वाऱ्याने तिथेच मोडतं. ट्रेमधून पिशवीत हलवताना मूळ वर दुमडलं गेलं असेल तर ते झाड काही वर्षं वाढतं आणि मग कोलमडतं. रोप हलवायचं तर दलं उघडल्यावर लवकर, दलाला धरून, खोडाला न दाबता, आणि मूळ सरळ उतरेल एवढं खोल भोक करून. मूळ लांब असेल तर दुमडण्याऐवजी टोक कापलेलं परवडतं.

पिशवीतून बाहेर काढल्यावर तळाशी मुळांचं भेंडोळं दिसलं तर लागवडीआधी तळाचा दोन-एक सेंटीमीटर भाग धारदार पात्याने कापा आणि मातीच्या गड्ड्याला दोन-तीन ठिकाणी उभ्या चिरा द्या. भेंडोळं अर्ध्या उंचीपर्यंत चढलं असेल तर ते रोप लावू नका. त्या जातीच्या पुढच्या पेरणीला खोल पिशवी किंवा रूट ट्रेनर (मुळं सरळ खाली नेणाऱ्या, आतून उभ्या कण्यांचा खोल कप) घ्या, आणि तो जमिनीपासून उचलून जाळीवर ठेवा, म्हणजे खालून बाहेर आलेलं मूळ हवेत सुकतं आणि गोल फिरायच्या आधीच थांबतं.